चार्जिंगची जागा आणि वाहनतळाचे नियम

मोटारगाडी ही चालण्यासाठी केलेली वस्तू असली, तरी तिच्या आयुष्याचा फार मोठा भाग उभे राहण्यात जातो. म्हणूनच गाडी कशी हाकावी या प्रश्नाच्या बरोबरीने ती कोठे व किती वेळ उभी करावी, या प्रश्नालाही नगरांच्या नियमांत स्थान मिळाले. पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत उभे राहणे आणि इंधन घेणे या दोन क्रिया एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या होत्या. पंपावर गाडी पाच मिनिटे थांबते. तेथे ती ‘पार्क’ केली आहे असे कोणी म्हणत नाही. उलट वाहनतळावर ती दिवसभर उभी राहिली, तरी तिच्यात पेट्रोल पडत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीने या दोन्ही क्रिया एकाच जागी व एकाच वेळी आणून ठेवल्या आहेत. सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर तार जोडून ठेवलेली गाडी केवळ उभी आहे असे मानावे, की ती सेवा घेत आहे असे मानावे? प्रथमदर्शनी हा शब्दच्छल वाटेल. परंतु दंड कोणाला करावा, जागेचे भाडे कशावर आकारावे आणि मागे ताटकळत असलेल्या गाडीला जागा केव्हा मिळावी, या तिन्ही गोष्टी या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

वाहनतळाच्या कायद्याची घडण या प्रश्नाच्या पुष्कळ आधी झाली. नाणे टाकून चालणारे पहिले पार्किंग-मीटर अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे जुलै १९३५ मध्ये रस्त्याच्या कडेला बसविण्यात आले. दुकानांपुढील जागा दिवसभर अडवून ठेवणाऱ्या गाड्या हलाव्यात आणि गिऱ्हाइकांना जागा मिळावी, हा त्यामागील हेतू होता. तेव्हापासून वाहनतळाचा नियम दोनच प्रश्न विचारीत आला : गाडी कोणत्या प्रकारची अथवा कोणाची आहे, आणि ती किती वेळ उभी आहे. मालवाहू गाड्यांच्या जागा, अपंगांसाठी राखलेल्या जागा, टॅक्सीचे थांबे, रहिवाशांचे परवाने ही पहिल्या प्रश्नाची उदाहरणे. एक तास, दोन तास या मर्यादा दुसऱ्या प्रश्नाची. दोहोंचे उत्तर गाडीला हात न लावता, बाहेरून मिळते. नंबरपट्टी किंवा परवाना पाहिला आणि घड्याळ पाहिले, की शिपायाचे काम झाले. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९५० नंतरच्या दशकात मागणीप्रमाणे बदलणारे पार्किंगचे दर सुचविले आणि डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फुकट पार्किंगची खरी किंमत मांडून दाखविली. रस्त्याकडेच्या जागेचा दर असा असावा की थोड्या जागा सदैव मोकळ्या राहाव्यात, हे शूप यांचे सूत्र आज सर्वपरिचित आहे. तथापि या विचारातही गाडी त्या जागेवर काय करीत आहे, या गोष्टीला महत्त्व नव्हते. ते असण्याचे कारणही नव्हते. उभी गाडी काहीच करीत नसे.

चार्जिंगमध्ये मात्र गाडी काहीतरी करीत असते, आणि ते किती वेळ चालेल हे खांबाच्या शक्तीवर ठरते. ३० किलोवॅट-तासांची, म्हणजे व्यवहारातील ३० युनिटांची, बॅटरी घेतली, तर ३·३ किलोवॅटच्या साध्या जोडणीवर ती रिकामी असताना पूर्ण भरावयास नऊ तासांहून अधिक वेळ लागेल. ५० किलोवॅटच्या जलद चार्जरवर त्रैराशिकाने ३६ मिनिटे येतात. परंतु येथे त्रैराशिक फसवे ठरते. लिथियम-आयन बॅटरीचे घट ठराविक दाबापर्यंत पोचले, की तो दाब स्थिर ठेवून प्रवाह क्रमाने कमी करावा लागतो. सामान्यतः बॅटरी सुमारे ८० टक्के भरल्यानंतर हा उतार ठळकपणे जाणवू लागतो आणि उरलेला पंचमांश भाग भरण्यास प्रमाणाबाहेर वेळ लागतो. तेव्हा ‘गाडी भरली’ ही एका क्षणी घडणारी घटना नव्हे; ती हळूहळू निवत जाणारी क्रिया आहे, आणि नियम करणाऱ्याला त्या उतारावर कोठेतरी स्वतःच रेघ ओढावी लागते. शिवाय एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकारच्या जागा येतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. संथ चार्जरची जागा ही रात्रीच्या मुक्कामाच्या धर्मशाळेसारखी आहे. जलद चार्जरची जागा ही वाटेवर घोड्याला पाणी पाजण्याच्या हौदासारखी. हौदाशी कोणी मुक्काम केला, तर तंटा होणारच.

हा तंटा कायद्याच्या भाषेत कसा उतरतो, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. त्या राज्याने २००२ मध्येच चार्जिंगच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आपल्या वाहन-संहितेत केली. त्या वेळी चिंता होती ती पेट्रोलच्या गाड्यांची. त्या येऊन जागा अडवीत आणि खांब निरुपयोगी होई. यावर उपाय जुन्या पद्धतीचाच योजिला गेला. शून्य-उत्सर्जन वाहनांना ओळखचिठ्ठी द्यावी आणि जिच्यावर ती चिठ्ठी आहे त्या गाडीलाच तेथे उभे राहू द्यावे. म्हणजे नियमाने पहिलाच जुना प्रश्न विचारला : गाडी कोणत्या जातीची? पुढे तारेने चार्ज होणाऱ्या संकरित गाड्या बाजारात आल्या. त्यांना चार्जिंग हवे होते, पण त्या शून्य-उत्सर्जन वर्गात बसत नव्हत्या. दुसऱ्या बाजूने, चिठ्ठी असलेली विजेची गाडी तार न जोडताही तेथे दिवसभर उभी राहू शकत होती. २०११ मध्ये दुरुस्ती होऊन चिठ्ठी गेली आणि तिच्या जागी नवी कसोटी आली : चार्जिंगसाठी गाडी तारेने ‘जोडलेली’ असली पाहिजे. ही दुरुस्ती १ जानेवारी २०१२ पासून अमलात आली.

या बदलाचे महत्त्व वरवर पाहता ध्यानात येत नाही. कायद्याने नामावरून क्रियापदावर उडी घेतली होती. गाडी काय आहे हे सोडून ती काय करीत आहे, हे तो विचारू लागला होता. पण ती उडी अर्धीच पडली. ‘जोडलेली’ म्हणजे ‘चार्ज होत असलेली’ नव्हे. भरून गेलेली गाडी तार लावून ठेवून आठ तास जागा अडवू शकते आणि कायद्याच्या अक्षराने ती निर्दोष ठरते. या दुरुस्तीला त्या काळी विरोध केला तो, आश्चर्य म्हणजे, विजेच्या गाड्या वापरणाऱ्यांनीच. त्यांच्यात एक सौजन्याची रीत पडली होती. एका खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन गाड्या उभ्या करावयाच्या, पहिली भरली की दुसऱ्याने शेजाऱ्याच्या संमतीने तार काढून आपल्या गाडीला लावावयाची. नव्या नियमाने या रीतीवरच घाव पडला; कारण तार काढली, की पहिली गाडी ‘न जोडलेली’ होऊन उचलून नेण्यास पात्र ठरत असे. शेजारधर्माने वागणारा दंडास पात्र आणि तार लावून निघून जाणारा मोकळा, असा उफराटा परिणाम केवळ एका धातुसाधिताच्या निवडीतून निघाला.

त्याच राज्याने २०१९ मध्ये आणखी एक कायदा करून, इमारतींना किमान जितक्या पार्किंगच्या जागा द्याव्या लागतात त्यांच्या मोजणीत चार्जिंगची जागा ही पार्किंगची जागाच धरावी, असे ठरविले. बांधकाम करणाऱ्याच्या दृष्टीने ती पार्किंग; गाडीवाल्याच्या दृष्टीने ती पार्किंग नव्हे.

जर्मनीने ही गुंतागुंत वेगळ्या रीतीने हाताळली. तेथील २०१५ च्या विद्युत-गतिशीलता कायद्याने नगरपालिकांना विजेच्या गाड्यांसाठी पार्किंगच्या सवलती देण्याचा अधिकार दिला आणि अशा गाड्यांना क्रमांकाच्या शेवटी विशिष्ट अक्षर असलेली नंबरपट्टी उपलब्ध करून दिली. काही अटी पुऱ्या करणाऱ्या संकरित गाड्यांनाही ती मिळते. परंतु खरी बारकाई रस्त्यावरील पाट्यांत आहे. पार्किंगच्या निळ्या पाटीखाली लावावयाच्या पूरक पाट्यांपैकी एकीवर तारेसह गाडीचे चित्र असते. तिचा अर्थ, येथे विजेची गाडी उभी करता येईल, मग ती चार्ज होत असो वा नसो. दुसरीवर ‘विद्युत वाहने, चार्जिंग चालू असताना’ अशा अर्थाचे शब्द असतात. पहिली पाटी दर्जा पाहते, दुसरी कृती. दोन्ही नियम एकाच देशात, कधीकधी एकाच रस्त्यावर, आपापल्या हेतूने लावता येतात. मात्र दुसऱ्या पाटीचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा, तर पहाटे तीन वाजता बॅटरी भरलेल्या गाडीच्या मालकाने अंथरुणातून उठून गाडी हलविली पाहिजे. म्हणून अनेक नगरपालिका तिच्या जोडीला दिवसाच्या ठराविक तासांपुरती वेळेची मर्यादा घालतात आणि रात्रीकडे कानाडोळा करतात. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०१९ च्या कायद्यात हा कानाडोळा उघडपणे लिहूनच टाकला. गाडी तीस मिनिटांहून अधिक काळ चार्ज न होता उभी असल्यास ती चार्जिंग करीत नाही असे तेथे गृहीत धरले जाते. परंतु रात्री अकरा ते पहाटे पाच, विमानतळ आणि निवासाच्या हॉटेलांतील पाहुणे यांना अपवाद केला आहे. नियम माणसांच्या झोपेच्या वेळा पाहून लिहिला गेला, ही त्यातील प्रशंसनीय गोष्ट होय.

कृतीवर आधारलेला नियम केला, की पुराव्याचा प्रश्न उभा राहतो. चार्जिंग चालू आहे की थांबले, हे शिपायाला बाहेरून दिसत नाही. खांबावरील दिवा काही सांगतो. नेमके उत्तर मात्र खांब चालविणाऱ्या कंपनीच्या संगणकात असते. खांब आणि संगणक यांच्यातील संवादासाठी जगभर जो खुला संकेत वापरला जातो, त्याच्या २०१५ मधील आवृत्तीत जोडलेल्या गाडीच्या अवस्थांना वेगवेगळी नावे आहेत. गाडी वीज घेत आहे ही एक अवस्था. तार जोडलेली आहे पण गाडीच वीज घेत नाही, ही दुसरी. गाडी घेण्यास तयार आहे पण खांबच देत नाही, ही तिसरी. जाळ्यावरील भार वाढल्यामुळे पुरवठा रोखून धरला, म्हणजे असे होते. व्यवहार संपला पण तार अद्याप निघाली नाही, ही चौथी. यंत्राची भाषा येथे कायद्याच्या भाषेहून सूक्ष्म आहे. ‘चार्जिंग होत नाही’ असे कायदा सरसकट म्हणेल तेव्हा दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अवस्थांची तो गल्लत करील. आणि तिसऱ्या अवस्थेत तर गाडीवाल्याचा काडीइतका दोष नसतो. खांबाची नोंद हाच पुरावा मानावयाचा, तर सरकारी दंड एका व्यापारी संस्थेच्या दप्तरावर आधारला जाईल. त्या दप्तराची तपासणी कोणी करावयाची, हे आधी ठरले पाहिजे.

या अडचणीमुळेच पुष्कळ ठिकाणी दंडाचे काम किमतीकडे सोपविण्यात आले. टेस्ला कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या जलद चार्जिंग केंद्रांवर, गाडी भरून झाल्यावर पाच मिनिटांत न हलविल्यास दर मिनिटाला ४० सेंट आकारण्यास आरंभ केला. यातून पैसा मिळविण्याची इच्छा नाही, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. पुढे ही आकारणी केंद्र किती भरलेले आहे यावर ठरू लागली. केंद्र रिकामे असेल तर थांबलेल्या गाडीने कोणाचेच नुकसान होत नाही, हे शूप यांचेच सूत्र येथे निराळ्या वाटेने आले. अमेरिकेतील काही राज्यांत तर एक विलक्षण गोष्ट घडली. तेथे युनिटाच्या दराने वीज विकण्याचा अधिकार केवळ परवानाधारक वीज कंपन्यांना होता, त्यामुळे चार्जिंगचे पैसे मिनिटांवर घ्यावे लागत. ग्राहकाच्या दृष्टीने ही पद्धत अन्यायाची होती, कारण संथ वीज घेणारी जुनी गाडी त्याच विजेसाठी अधिक पैसे देई. पण जागेच्या दृष्टीने तिने नकळत योग्य ते काम केले. युनिटाचा दर रास्त म्हणून स्वीकारला, की जागेची किंमत हिशोबातून गळून पडते. ब्रिटनने २०२३ च्या नियमांनी सार्वजनिक खांबांवर दर युनिटमागे पेन्समध्ये दाखविणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने त्याच वर्षी केलेल्या आणि १३ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विनियमात हा धागा नीट उलगडला आहे. ५० किलोवॅट व त्याहून अधिक शक्तीच्या नव्या खांबांवर वाटसरू ग्राहकाला लावावयाचा दर युनिटांवर आधारलेला असावा. परंतु जागा दीर्घकाळ अडविली जाऊ नये म्हणून त्याखेरीज मिनिटांवर ‘व्याप्ती शुल्क’ घेण्याची मुभा आहे. वीज युनिटांनी, जागा मिनिटांनी, अशी ही विभागणी आहे. डच भाषेत चार्जिंगच्या खांबाला चिकटून राहण्याच्या या सवयीला ‘लाडपालक्लेवेन’ असा एक स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. शब्द रूढ होण्याइतका त्रास झाला, एवढे त्यावरून निश्चित समजते.

भारतात या विषयाचा आरंभ वीज कायद्याच्या बाजूने झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये असा खुलासा केला की, गाड्या चार्ज करणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे; कारण बॅटरीत विजेचे रूपांतर रासायनिक ऊर्जेत होते आणि म्हणून ती वीज केंद्रावरच वापरली जाते. यामुळे २००३ च्या वीज कायद्याखालील परवान्याची गरज उरली नाही आणि केंद्रे काढण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी विजेच्या गाड्यांना हिरवी नंबरपट्टी देण्यात आली. मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत, २०२२ च्या आवृत्तीप्रमाणे, शहरांत दर तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीत एक आणि महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरांवर एक केंद्र असावे, असे सांगितले होते. २०२४ मध्ये ही तत्त्वे नव्याने काढण्यात आली. या सर्व रचनेत केंद्र कोठे असावे याची चिंता आहे. केंद्रावर आलेल्या गाडीने केव्हा निघावे, याची नाही. हिरवी पट्टीही गाडीची जात सांगते, कृती सांगत नाही. म्हणजे कॅलिफोर्नियाची २००२ मधील चिठ्ठी ती हीच.

याहून अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट जागेच्या भाड्यात दडली आहे. २०२२ च्या तत्त्वांनुसार शासकीय जमीन केंद्रासाठी शासकीय संस्थेला द्यावयाची, तर जमिनीच्या मालक संस्थेला दर युनिटमागे एक रुपया मिळावयाचा. खासगी संस्थेसाठी हाच एक रुपया बोलीचा किमान आकडा होता. केंद्रे त्वरेने निघावीत यासाठी ही सवलत योग्यच होती. पण हिशोब करून पाहिला, तर ३·३ किलोवॅटच्या जोडणीपुढील जागेचे भाडे तासाला जास्तीत जास्त ३ रुपये ३० पैसे पडते, ५० किलोवॅटच्या खांबापुढील जागेचे ५० रुपये, आणि भरून तशीच उभी राहिलेल्या गाडीखालील जागेचे शून्य. जमीन तीच, चौरस फूट तेवढेच. दाट वस्तीच्या शहरात रस्त्याकडेच्या भूमीचे मोल तिच्यावरून किती वीज वाहिली यावर ठरविणे, हे विहिरीचे भाडे पोहऱ्यांवर ठरवून काठावर बसलेल्यांना विसरण्यासारखे आहे.

ही उणीव शहरातील सर्वांना सारखी भोवत नाही. ज्याला स्वतःचा बंगला व अंगण आहे, त्याला सार्वजनिक केंद्राची निकड क्वचितच भासते. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सभासदाची स्थिती मधली आहे. स्टिल्टखालील पार्किंगच्या जागा विकसकाला स्वतंत्रपणे विकता येत नाहीत, त्या सामाईक सोयींचा भाग होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात २०१० मध्ये महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखाली दिला. तेव्हा तेथे खांब बसविणे हा एकट्या सभासदाचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात नव्या निवासी इमारतींतील किमान २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज असाव्यात आणि त्यांपैकी ३० टक्के सामाईक वाहनतळात असाव्यात, असे म्हटले होते. पण हे नव्या इमारतींपुरते. चाळीत, वाड्यात किंवा वस्तीत राहणाऱ्या रिक्षाचालकाला घराशेजारी जागाच नसते. त्याला सार्वजनिक खांब मोकळा न मिळणे म्हणजे त्या दिवसाची एक पाळी बुडणे. संथ खांबावर रात्रभर उभ्या राहिलेल्या भरलेल्या गाडीने त्याची झोपेची वेळ अडविलेली असते आणि जलद खांबावर दुपारी थांबलेल्या गाडीने त्याची कमाईची वेळ. यास्तव कोलोराडोचा रात्रीचा अपवाद मुंबई-पुण्यात तसाच उचलून चालणार नाही. तो अपवाद ज्यांच्या घरी दुसरी सोय आहे अशांच्या समाजात सुचला. येथे रात्र हीच सर्वाधिक मागणीची वेळ ठरण्याचा संभव आहे.

पादपथाचा मुद्दा येथे थोडक्यातच सांगता येईल. रस्त्याकडेचा खांब आणि त्याची लोंबती तार पादचाऱ्यांच्या, विशेषतः चाकाच्या खुर्चीने जाणाऱ्यांच्या, वाटेत येते. ब्रिटनमध्ये २०२२ साली अपंगांना वापरता येतील अशा खांबांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले. ज्या शहरांत पादपथ आधीच अपुरे आहेत, तेथे खांब पादपथावर न रोवता गाडीच्या जागेतच रोवावा, असा नियम घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज दिसत नाही.

उरतो तो मोटार वाहन कायद्याचा आधार. १९८८ च्या या कायद्याच्या ११७ व्या कलमान्वये राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवू शकते. तेथे गाड्या अनिश्चित काळ किंवा ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत उभ्या राहू शकतात. म्हणजे या भागाला दोनच कालमाने ठाऊक आहेत, अमर्याद आणि घड्याळाचे. ‘चार्जिंग चालेपर्यंत’ हे तिसरे मान त्यात नाही. मोडणाऱ्याला १७७ व्या कलमाखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुढे दीड हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दहा मिनिटांच्या उशिराला आणि दहा तासांच्या उशिराला सारखाच. पण त्याच ११७ व्या कलमाचा उत्तरार्ध वाचला, तर निराळी गोष्ट दिसते. प्रवाशांना घेण्यास व उतरविण्यास आवश्यक असेल त्याहून अधिक वेळ सार्वजनिक सेवेच्या गाड्यांना जेथे थांबता येईल, अशा जागाही त्याखाली ठरविता येतात. येथे काळाचे माप घड्याळ नव्हे, काम आहे. काम संपले, की थांबण्याचा हक्क संपला, ही कल्पना भारतीय कायद्यात आधीपासून आहे. ती केवळ बस, टॅक्सी आणि रिक्षा यांच्यापुरती आहे. तिचा विस्तार चार्जिंगच्या जागेपर्यंत करावयाचा झाल्यास ‘आवश्यक वेळ’ कोणी मोजावयाची, जलद खांबावर ८० टक्क्यांना रेघ ओढावयाची की १०० टक्क्यांना, आणि खांबानेच वीज रोखली असेल तेव्हाची मिनिटे कोणाच्या खाती मांडावयाची, एवढे तीन तपशील अधिसूचनेत लिहावे लागतील.